लेमन पील वीण

लेमन पील वीण ही क्रोशे विणकामातील उठावदार पोताची एक सोपी वीण होय. मुका खांब आणि खांब हे दोनच टाके आळीपाळीने घालून ती तयार होते. विणलेल्या कापडावर बारीक, दाट उंचवटे दिसतात. त्यांचे लिंबाच्या सालीशी असलेले साम्य हेच नावाचे कारण आहे. कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते व त्यात मोठी छिद्रे राहत नाहीत. त्यामुळे ब्लँकेट, बाळाची शाल, दुपटे अशा उलटसुलट वापरल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी ही वीण विशेष सोयीची आहे.

परिभाषा

सुई टाक्यात घालून धागा ओढला आणि सुईवरचे दोन्ही वेढे एकदम सोडवले की मुका खांब होतो. खांबासाठी सुईवर आधी धाग्याचा एक वेढा घेतात, मग सुई टाक्यात घालून धागा ओढतात. अशा रीतीने झालेले तीन वेढे दोन-दोन करून दोन वेळा सोडवावे लागतात. साहजिकच खांब मुक्या खांबापेक्षा उंच असतो.

इंग्रजी नावांबाबत मात्र सावध राहावे लागते. अमेरिकी पद्धतीत मुक्या खांबाला सिंगल क्रोशे व खांबाला डबल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत त्याच टाक्यांची नावे अनुक्रमे डबल क्रोशे व ट्रेबल अशी आहेत. म्हणजे ‘डबल क्रोशे’ हे एकच नाव दोन वेगळ्या टाक्यांना लागते. ब्रिटिश कृती अमेरिकी अर्थाने वाचली तर दोन्ही टाके एकेक पायरीने उंच होतात; कापड सैल व जाळीदार होते आणि अपेक्षित पोत येत नाही. कृतीत सिंगल क्रोशेचा उल्लेख असल्यास ती बहुधा अमेरिकी पद्धतीची समजावी.

कृती

टाक्यांची संख्या सम ठेवावी आणि पायाला त्याहून एक साखळी अधिक घालावी. २० टाक्यांच्या नमुन्यासाठी २१ साखळ्या लागतात. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, पुढच्या साखळीत खांब, असे ओळीच्या शेवटपर्यंत विणावे. शेवटचा टाका खांबच आला पाहिजे. नंतर एक साखळी घालून काम उलटवावे. ही साखळी टाका म्हणून मोजत नाहीत. दुसऱ्या ओळीत पहिल्याच टाक्यात मुका खांब व त्यापुढच्या टाक्यात खांब घालावा. यापुढील प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळीसारखीच असते.

वीण ओळखणे

या विणीचा सगळा पोत एका नियमावर उभा आहे: खालच्या ओळीत खांब असेल तेथे वर मुका खांब येतो आणि मुका खांब असेल तेथे खांब येतो. उंच टाका दोन्ही बाजूंच्या बुटक्या टाक्यांमध्ये किंचित दबून फुगतो, आणि तोच फुगवटा बोटाला उंचवटा म्हणून लागतो. हा नियम लक्षात राहिला की प्रत्येक टाका मोजत बसावे लागत नाही. खालचा टाका पाहून वरचा ठरवता येतो. काम मध्येच ठेवून आठवड्याने हाती घेतले तरी कोठे थांबलो होतो हे कापडच सांगते. नवशिक्यांसाठी ही वीण सुचवण्याचे खरे कारण हेच म्हणावे लागेल, कारण केवळ टाके सोपे असणे पुरेसे नसते.

चूक बहुतेक वेळा कडेला होते. ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीच्या पहिल्या मुक्या खांबात घालायचा असतो, पण तो टाका उलटवण्याच्या साखळीशेजारी दबलेला असल्याने सहज सुटतो. तो सुटत गेला की ब्लँकेट वर निमुळते होते. याउलट त्या साखळीतही टाका घातला गेला तर ते रुंदावत जाते. प्रत्येक ओळीच्या पहिल्या मुक्या खांबात सेफ्टी पिन अडकवून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. ओळ मुक्या खांबाने संपली तर एक टाका कमीजास्त झाला आहे असे समजावे. तसेच पुढे विणत राहिल्यास खांबावर खांब येऊन उंचवट्यांऐवजी उभ्या रेघा दिसू लागतात.

ब्लँकेटसाठी वापर

मध्यम जाडीच्या लोकरीसाठी साधारण ५ ते ५.५ मिलिमीटरची सुई चालते. वीण मुळातच दाट असल्याने घट्ट हाताच्या व्यक्तीने थोडी जाड सुई घ्यावी, नाहीतर ब्लँकेट ताठ होते. आधी लहान नमुना विणून मोजणे श्रेयस्कर. २० टाक्यांची रुंदी १५ सेंटिमीटर भरली, तर ७५ सेंटिमीटर रुंदीसाठी १०० टाके, म्हणजे १०१ साखळ्या घ्याव्या लागतील.

महाराष्ट्रात बाळंतविड्यासाठी लोकरीची टोपडी, मोजे, शाली घरी विणण्याची रीत आहे. अशा विड्यातील शालीला जाळीच्या विणीपेक्षा ही वीण बरी, कारण बाळाची बोटे तिच्यात अडकण्याची शक्यता कमी असते. धाग्याची टोके मात्र सुईने कापडात नीट ओवून घ्यावीत. कडा किंचित नागमोडी राहतात. चारही बाजूंनी मुक्या खांबांची एक फेरी घातली आणि कोपऱ्यांवर एकाच जागी तीन टाके घेतले की त्या सरळ होतात.