चौकट, रंग आणि कापलेली वेलांटी

शाळेच्या संकेतस्थळावर परीक्षेचे वेळापत्रक, सहलीची सूचना, पालकसभेचे निमंत्रण असे काही ना काही लावावेच लागते. मजकूर दर वेळी वेगळा, पण चौकट एकच: वर शीर्षक, त्याखाली तारीख, मग मजकूर आणि शेवटी ‘पुढे वाचा’ हे बटण. ही चौकट प्रत्येक पानासाठी नव्याने लिहीत बसण्यापेक्षा एकदाच नीट तयार करावी आणि हवी तेथे तिला नावाने बोलवावे, या सोयीला ‘वेब कंपोनंट’ म्हणतात. मोदकाच्या साच्यासारखेच हे. सारण कोणतेही भरा, कळ्या त्याच उमटतात.

संगणक कक्षात येणाऱ्या वरच्या वर्गांतील मुलांना अशी चौकट करणे सहज जमते. अडते ते पुढे. तीच चौकट दुसऱ्या पानावर नेली की तिचा रंग पानाशी जुळत नाही, आणि जुळवायला जावे तर ती दाद देत नाही. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, ते येथे सांगायचे योजले आहे. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही हे जरूर वाचावे, कारण संकेतस्थळाचे काम बाहेर देताना नेमके हेच प्रश्न विचारावे लागतात.

पानाचा मजकूर एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे लिहावे, अशी सूचना होकॉन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडली. तेव्हा ते जिनिव्हाच्या सर्न संशोधन केंद्रात होते. तिच्यातून घडलेली ‘सीएसएस’ ही नियमांची भाषा १७ डिसेंबर १९९६ रोजी प्रमाण म्हणून जाहीर झाली. या भाषेचा स्वभाव मात्र फार सार्वजनिक. ‘सर्व शीर्षके लाल’ असा एक नियम लिहिला की पानावरचे प्रत्येक शीर्षक लाल होते, मग ते कोणीही लिहिलेले असो. एकट्याच्या लहानशा पानाला हे सोयीचे आहे. दहा जणांनी मिळून केलेल्या संकेतस्थळावर मात्र एकाचा रंग दुसऱ्याच्या कामावर सांडतो. इंदूरच्या रंगपंचमीला गेर निघाली की रस्त्यावरचा कोणी कोरडा राहत नाही, तसेच काहीसे!

म्हणून ‘शॅडो डॉम’ ही भिंत आली. २०१६ साली ती क्रोम आणि सफारी या ब्राउझरांत मिळू लागली, २०१८ साली फायरफॉक्समध्येही. चौकटीच्या आतील रचना या भिंतीआड ठेवली की बाहेरचा ‘सर्व शीर्षके लाल’ हा नियम आतल्या शीर्षकाला लागत नाही, आणि आतला नियम बाहेर जाऊन गोंधळ घालत नाही. चौकट दाद देत नाही ती याच भिंतीमुळे.

पण भिंत म्हणजे तुरुंग नव्हे. काही गोष्टी वारशाने आत जातातच. अक्षराचा रंग, फाँट, अक्षरांचा आकार, ओळींतील अंतर, अक्षरांतील अंतर हे गुण बाहेरच्या पानाकडून आतल्या मजकुराला मिळतात, आत कोणी मुद्दाम वेगळे सांगितले नसेल तर. पार्श्वभूमीचा रंग, किनार, समास यांचा वारसा नसतो. हे एवढे पाठ असले तरी निम्मे कोडे सुटते.

उरलेल्यासाठी चौकट करणाऱ्याने स्वतःहून दारे ठेवायची असतात. त्यांपैकी सर्वांत कामाचे दार म्हणजे ‘कस्टम प्रॉपर्टी’, आपण सोपेपणाने तिला ‘नाव दिलेली किंमत’ म्हणू. आत लिहायचे की किनारीचा रंग ‘--मुख्य-रंग’ या नावाखाली जे असेल तो, आणि काहीच नसेल तर करडा. बाहेरच्या पानाने त्या नावाला किरमिजी रंग दिला की चौकट किरमिजी होते. क्रीडा विभागाच्या पानाने हिरवा दिला की तेथे ती हिरवी. चौकट उघडून आत हात घालावा लागत नाही. आणि मुलांना हे ऐकून गंमत वाटेल की हे नाव खरोखरच देवनागरीत लिहिता येते! नावाआधी दोन आडव्या रेघा हव्यात एवढीच अट. कंपोनंटच्या नावाचे मात्र तसे नाही. त्याची सुरुवात लहान रोमन अक्षरानेच करावी लागते आणि मध्ये कोठे तरी जोडरेघ लागते.

दुसरे दार ‘पार्ट’. आतल्या एखाद्या भागाला चौकट करणाऱ्याने नाव दिले, समजा ‘शीर्षक’, तर बाहेरून त्या भागाला हवा तो नियम लावता येतो. नाव न दिलेल्या भागांना हात लागत नाही, आणि नाव दिलेल्या भागाच्या पोटातही शिरता येत नाही. तिसरे ‘स्लॉट’, म्हणजे सारणाची जागा. तेथे ठेवलेला मजकूर मूळ पानाचाच राहतो, त्यामुळे पानाचे नियम त्याला सरळ लागतात. चौकटीने त्याला काही रूप सुचवले असले तरी मतभेद झाल्यास सहसा पानाचेच चालते.

सगळीच दारे उघडी ठेवावीत काय? आमचे मत, नाही. प्रत्येक भागाला नाव देऊन बसले तर पुढे चौकटीत लहानसा बदल करतानाही दहा पाने बिघडतील. रंग, फाँट, ओळींतील अंतर आणि शीर्षक एवढे मोकळे असले की बहुतेकांचे भागते. यातले ओळींतील अंतर वाचकांना क्षुल्लक वाटेल, पण आपल्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

बाजारात मिळणाऱ्या तयार चौकटी बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. तेथे शीर्षकासाठी ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट ठेवतात, चौकटीची उंची ठरवून टाकतात आणि बाहेर येईल ते कापायला सांगतात. रोमन अक्षरे त्यात बसतात. आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. जागा कमी पडली की हेच आधी कापले जाते. ‘चिंता नको’ या सूचनेवरचा अनुस्वार गेला तर काय उरते, ते वाचकांनीच पाहावे. ‘कुल’चे ‘कल’ व्हायलाही वेळ लागत नाही. शीर्षकातली अक्षरे शोभेसाठी सुटी करण्याची पद्धतही रोमनमध्ये खपते. देवनागरीत शिरोरेघ जागोजागी तुटते आणि शब्दाऐवजी अक्षरांची रांग दिसू लागते.

उपाय अवघड नाहीत. ओळींतील अंतर १.६ च्या आसपास ठेवावे आणि ते एकक न लावता नुसत्या आकड्यात लिहावे, म्हणजे मोठ्या शीर्षकाला त्याच्या मानाने जास्त जागा मिळते. उंची ठरवून न टाकता ‘किमान उंची’ द्यावी. अक्षरांतील अंतर शून्य ठेवावे. पण चौकट भिंतीआड आहे आणि तिने आत स्वतःचे १.१ लिहून ठेवले आहे, दारही ठेवलेले नाही, तर हे सारे माहीत असूनही आपण बाहेर हात चोळत बसणार. म्हणून विकत घेण्यापूर्वी विचारावे.

बटणाची एक खोड सांगायला हवी. सूचनेचा मजकूर शाळेच्या फाँटमध्ये आणि ‘पुढे वाचा’ मात्र भलत्याच अक्षरांत, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. ब्राउझर बटणांना आणि माहिती भरायच्या रकान्यांना आपला स्वतःचा फाँट देतो, त्यामुळे त्यांना वारसा पोहोचत नाही. चौकटीच्या आत ‘फाँट: इनहेरिट’ एवढे लिहिले की काम होते. (हे शब्द संगणकाला रोमन लिपीतच द्यायचे, हे मुलांना ठाऊक आहेच.)

हिंदी भाषक गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या जिव्हाळ्याचा आणखी एक मुद्दा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. काही फाँटमध्ये दोन्ही वळणे भरलेली असतात आणि पानावर ‘भाषा: मराठी’ अशी खूण केली असेल तरच मराठी वळण उमटते. ही खूण भिंतीतून आत जाते. तेव्हा एकाच पानावर हिंदी आणि मराठी सूचना असतील तर प्रत्येक चौकटीवर तिची भाषा लिहावी, आतले अक्षर आपोआप वळण घेते.

कोणतीही चौकट स्वीकारण्यापूर्वी तिच्या शीर्षकात ‘शर्थींनी’, ‘चिठ्ठ्यांतून’, ‘कुऱ्हाड’, ‘द्वंद्व’, ‘हृदय’ हे शब्द घालून पाहावेत, मग शीर्षक दोन ओळींचे करावे आणि तेच पान मोबाइलवर उघडावे. वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही शाबूत दिसले, दोन ओळी एकमेकींत अडकल्या नाहीत, आणि ‘--मुख्य-रंग’ बाहेरून बदलताच चौकट बदलली, तर पुढच्या बोलण्याला हरकत नाही. ही तपासणी नववीची मुले एका तासिकेत पुरी करू शकतात.