वाळूची ऊब आणि जनुकांचा कौल

संकल्पना

माणसात बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी ठरते. पित्याकडून एक्स गुणसूत्र आले की वाय, एवढ्यावर पुढचा सारा विकास अवलंबून असतो. अनेक सरीसृपांत मात्र अंडे घातले जाते तेव्हा आतला भ्रूण नर होणार की मादी हे अजून ठरायचे असते. अंडे ज्या वाळूत, मातीत किंवा कुजत्या पालापाचोळ्यात पुरलेले असते, तिची ऊब पुढच्या काही आठवड्यांत हा निर्णय करते. याला तापमानाधीन लिंगनिश्चिती म्हणतात. अशा बहुतेक जातींत नर आणि मादी यांच्या गुणसूत्रांत ओळखू येईल असा भेद नसतो. त्यामुळे या प्रक्रियेत जनुकांना काम नाही असा समज सहज होतो, आणि तो चुकीचा आहे. अंडाशय व वृषण घडवणारी जनुके कासवात आणि माणसात बऱ्याच अंशी एकच आहेत. ती कशाने जागी होतात, एवढाच काय तो फरक.

शोध

१९६६ मध्ये सेनेगलमधील डकार येथे मॅडलिन शार्निये या संशोधिकेने अगामा जातीच्या सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानांत उबवली आणि पिल्लांतील नर-मादींचे प्रमाण बदलते असे नोंदवले. फ्रेंचमधील त्या छोट्या टिपणाकडे बराच काळ कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये क्लोद प्यो यांनी कासवांवर पद्धतशीर प्रयोग केले. तापमान काही भ्रूणांना मारून प्रमाण बदलत नाही, तर प्रत्येक भ्रूणाची वाटच बदलते, हे अशा प्रयोगांतून स्पष्ट होत गेले.

कोणत्या प्राण्यांत

मगरवर्गीय प्राण्यांच्या अभ्यासलेल्या सर्व जाती, न्यूझीलंडचा तुआतारा, बहुतेक कासवे आणि काही सरडे व पाली या गटात येतात. सापांत ही पद्धत नाही. तेथे लिंग गुणसूत्रेच ठरवतात. घोरपडीच्या कुळातही तसेच. कासवांतही मऊ पाठीच्या कासवांसारखे अपवाद आहेत. एकाच गटात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात, याचा अर्थ उत्क्रांतीच्या ओघात एकीकडून दुसरीकडे जाणे फार अवघड नसावे. त्याचा पुरावा पुढे ऑस्ट्रेलियातील सरड्यात येतो.

तीन नमुने

बहुतेक कासवांत कमी तापमानाला नर आणि जास्त तापमानाला माद्या होतात. तुआतारात नेमके उलट. सुमारे २२ अंश सेल्सिअसच्या वर नरच अधिक निपजतात. मगरींत तिसरा नमुना दिसतो: दोन्ही टोकांना माद्या, मधल्या पट्ट्यात नर. भारतातील साध्या मगरीची अंडी चेन्नईजवळच्या मगर उद्यानात उबवून पाहिली गेली. ३१ अंशांपर्यंत केवळ माद्या, ३२.५ अंशांच्या आसपास नर, आणि त्याहून वर पुन्हा माद्या दिसू लागतात. दीड अंशात सारे चित्र पालटते.

निर्णायक तापमान आणि संवेदनक्षम काळ

ज्या स्थिर तापमानाला नर व माद्या निम्मे-निम्मे होतात, त्याला निर्णायक तापमान म्हणतात. समुद्री कासवांत ते साधारण २९ अंशांच्या आसपास असते. त्याच्या खाली-वर एक-दोन अंशांच्या अरुंद पट्ट्यात मिश्र पिल्ले होतात. पट्ट्याबाहेर एकच लिंग. तापमानाचा हा परिणाम अंडे उबण्याच्या साऱ्या काळात होत नाही. साधारणपणे मधल्या तिसऱ्या हिश्श्यात भ्रूणाची जननग्रंथी दोन्ही वाटांना मोकळी असते आणि त्याच दिवसांतली ऊब मोजली जाते. त्याआधीची थंडी किंवा नंतरचे ऊन लिंग बदलत नाही.

जनुकांची साखळी

सर्वांत स्पष्ट उलगडा झाला तो लाल कानपट्ट्याच्या कासवात. मूळ अमेरिकेतले हे कासव भारतातही काचेच्या पेट्यांतून विकले जाते. याची अंडी २६ अंशांना उबवली की सारे नर आणि ३१ अंशांच्या वर साऱ्या माद्या.

नर होण्यासाठी डीएमआरटी१ हे जनुक सुरू व्हावे लागते. पक्ष्यांतही नराच्या घडणीचा भार याच जनुकावर असतो. मात्र कोवळ्या भ्रूणात ते मिटलेले असते. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि या जनुकाजवळच्या हिस्टोनांवर मेथिल गटांची रासायनिक खूण असते. ही खूण म्हणजे जनुक बंद ठेवण्याचा शिक्का. केडीएम६बी या जनुकापासून बनणारे विकर हा शिक्का पुसते. २६ अंशांना हे विकर जननग्रंथीत भरपूर तयार होते, शिक्का पुसला जातो, डीएमआरटी१ जागे होते आणि वृषण घडू लागते. २०१८ मध्ये चीन व अमेरिकेतील संशोधकांनी नरांच्या तापमानाला ठेवलेल्या अंड्यांत केडीएम६बी दाबून टाकले, तेव्हा जगलेल्या भ्रूणांपैकी बहुसंख्य मादीच्या वाटेने गेले. उबेत जराही बदल न करता लिंग बदलले. तापमान आणि जनुक यांमधला दुवा यामुळे पहिल्यांदा हाती लागला, म्हणून हा प्रयोग मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उष्ण बाजूचा उलगडा २०२० मध्ये झाला. ३१ अंशांच्या आसपास पेशींत कॅल्शियमचे आयन अधिक शिरतात. त्यामुळे स्टॅट३ या प्रथिनाला फॉस्फेट गट जोडला जातो. असे सज्ज झालेले स्टॅट३ केडीएम६बीच्या जनुकाला चिकटते आणि त्याला गप्प करते. शिक्का तसाच राहतो, डीएमआरटी१ उठत नाही, आणि अंडाशयाकडे नेणारी जनुके पुढे सरकतात.

उष्णतेची जाणीव

पेशीला ऊब कळते कशी, याचे उत्तर जातीगणिक वेगळे असू शकते. अमेरिकी ॲलिगेटरमध्ये टीआरपीव्ही४ ही पेशीपटलातली वाहिनी उबेने उघडते आणि कॅल्शियमला आत येऊ देते. चावऱ्या कासवात सीआयआरबीपी हे गारव्याला प्रतिसाद देणारे जनुक लक्षात आले आहे. विशेष म्हणजे त्याच्या दोन रूपांत एका अक्षराचा फरक असतो, आणि कोणते रूप आहे त्यावरून भ्रूणाचा तापमानाला मिळणारा प्रतिसादही बदलतो. एकाच खड्ड्यातली सारी अंडी सारखीच वागत नाहीत, त्याचे एक कारण हे.

संप्रेरकाचा वाटा

अंडाशयाच्या बाजूचे कळीचे विकर म्हणजे ॲरोमटेज. ते नर-संप्रेरकाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. नरांच्या तापमानाला ठेवलेल्या अंड्याच्या कवचावर इस्ट्रोजेन लावले तर माद्या होतात, म्हणजे हे संप्रेरक तापमानावर मात करते. यातूनच एक धोका निर्माण होतो. १९९४ मधील प्रयोगात कासवांच्या अंड्यांवर पीसीबी ही औद्योगिक रसायने लावली, तेव्हा नरांच्या तापमानालाही माद्या निघाल्या. ही रसायने इस्ट्रोजेनसारखी वागतात, त्यामुळे दूषित पाण्याकाठी पुरलेल्या अंड्यांवर उबेबरोबर त्यांचाही प्रभाव पडू शकतो.

दोन पद्धतींमधला पूल

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील दाढीवाल्या सरड्यात गुणसूत्रे लिंग ठरवतात: दोन झेड म्हणजे नर, झेड व डब्ल्यू म्हणजे मादी. पण अंडी ३२ अंशांच्या वर उबली की दोन झेड असलेले भ्रूणही मादी होतात. अशा माद्या मोकळ्या रानातही सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्या अंडीही घालतात. त्यांचा सामान्य नराशी संकर झाला की सर्व पिल्ले दोन झेडची होतात. डब्ल्यू गुणसूत्र त्या वंशातून नाहीसे होते आणि पुढे लिंग केवळ तापमान ठरवते. एका पिढीत पद्धत बदलली! या सरड्यात उष्णतेने केडीएम६बी आणि त्याच्या जोडीचे जॅरिड२ या जनुकांच्या संदेशात एक अनावश्यक तुकडा गाळायचा राहून जातो. कासव, ॲलिगेटर आणि सरडा यांचे मार्ग कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी तिघांत उबेची खूण केडीएम६बी या जनुकापाशीच दिसते.

उत्क्रांतीचे कारण

एरिक चार्नोव्ह आणि जेम्स बुल यांनी १९७७ मध्ये मांडले की एखादे तापमान नर पिल्लांना आणि दुसरे मादी पिल्लांना अधिक लाभत असेल, तर ही पद्धत टिकते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॅकी सरड्यावर त्याची कसोटी झाली. संप्रेरकांत हस्तक्षेप करून ज्या तापमानाला माद्याच होतात तेथे नर तयार केले गेले. आपापल्या नैसर्गिक तापमानाला वाढलेल्या नर-माद्यांनाच अधिक संतती झाली. मात्र हा सरडा अल्पायुषी असतो. दशकानुदशके जगणाऱ्या कासवात अशी मोजणी फार कठीण आहे.

तापते किनारे

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात उपजलेल्या हिरव्या कासवांची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढांत माद्यांचे प्रमाण सुमारे ८७ टक्के, तर कोवळ्या वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक होते. एक नर अनेक माद्यांशी समागम करत असल्याने परिणाम लगेच दिसत नाही. म्हणूनच हा आकडा अधिक चिंताजनक आहे: तूट जाणवेपर्यंत ती किनाऱ्यावर अनेक हंगाम साचलेली असेल.

कोकणातील घरटी

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवण्याचे काम सुरू केले. भरतीचे पाणी, कोल्ही-कुत्री आणि चोरी यांपासून राखण्यासाठी अंडी मूळ खड्ड्यातून काढून कुंपणाच्या आत तशाच खोल खड्ड्यात पुरली जातात. या पद्धतीने हजारो पिल्ले समुद्रापर्यंत पोचली आहेत. लिंगनिश्चितीच्या दृष्टीने मात्र जागा बदलणे म्हणजे ऊब बदलणे. खड्ड्याची खोली, वाळूचा रंग, ओल, सावली, शेजारच्या घरट्यांची उष्णता, सगळ्याचा त्यात भाग असतो. १९८० च्या सुमारास परदेशांत फोमच्या पेट्यांत अंडी उबवण्याची पद्धत होती. त्या पेट्या वाळूपेक्षा थंड राहत, आणि त्यांतून नरांचे प्रमाण वाढते हे लक्षात आल्यावर संवर्धकांना ती पद्धत तपासून पाहावी लागली. कोकणात घरटी हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत होत राहतात. म्हणून आधीच्या घरट्यांना गार वाळू आणि नंतरच्यांना तापलेली वाळू मिळते. अंडी वाचवताना केवळ एकाच काळातली घरटी वाचली, तर लिंगाचे प्रमाणही एकीकडे झुकण्याची शक्यता राहते.

मर्यादा

बाहेर येऊन लाटेकडे धावणाऱ्या पिल्लाकडे पाहून ते नर की मादी हे सांगता येत नाही. शेपटीच्या लांबीसारखी बाह्य लक्षणे अनेक वर्षांनी दिसू लागतात. खात्री करायची तर जननग्रंथीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि तो घरट्यात मेलेल्या पिल्लांतूनच घेणे योग्य. त्यामुळे किनाऱ्यावर बहुधा घरट्यात तापमान नोंदवणारे छोटे यंत्र पुरून, मधल्या तिसऱ्या हिश्श्यातल्या नोंदींवरून प्रमाणाचा अंदाज बांधला जातो. प्रयोगशाळेतले निर्णायक तापमान स्थिर उबेत मोजलेले असते, तर वाळू दिवसा तापते, रात्री निवते आणि अंड्यांच्या स्वतःच्या चयापचयानेही थोडी गरम होते.