डोंगळ्यांच्या राणीचा उपास

पावसाळ्यात एखाद्या दमट संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या जमतात. त्यानंतर शाळेच्या आवारात एखादी मोठी, जाड पोटाची, बिनपंखी काळी मुंगी घाईघाईने आडोसा शोधताना दिसली, तर ती बहुधा डोंगळ्यांची राणी असते. तिची छाती कामकरी डोंगळ्यापेक्षा भरदार असते. भिंगातून पाहिल्यास छातीच्या बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा दिसतात. वर्गात मुंग्यांची वसाहत वाढवायची असेल, तर सुरुवात हिच्यापासून करता येते.

राणी आणली की मुलांचा पहिला प्रश्न असतो, "हिला खायला काय द्यायचं?" याचे उत्तर आहे, काहीच नाही!

असे का? राणीचे मिलनासाठीचे उड्डाण सहसा एकदाच होते. तेव्हा मिळालेले शुक्राणू ती शरीरातील पिशवीत साठवते आणि आयुष्यभर वापरते. मग ती आपले पंख तोडून टाकते व जमिनीतील लहानशा पोकळीत स्वतःला कोंडून घेते. आता उडण्याच्या स्नायूंची गरज उरत नाही. ते स्नायू विरघळत जातात, हे शार्ल जाने या फ्रेंच संशोधकाने १९०७ साली 'लॅसियस नायजर' या मुंगीत दाखवले. या स्नायूंच्या व साठवलेल्या चरबीच्या जोरावर राणी अंडी घालते आणि पहिल्या अळ्यांना भरवते. तिची शिदोरी तिच्या अंगातच असते, पण ती मोजकी असते. सारखे हादरे बसले, उजेड पडला, की राणी आपलीच अंडी खाऊन टाकते. म्हणून वर्गात तिला खरा धोका उपाशी राहण्याचा नसून सतत हाताळले जाण्याचा आहे.

तिच्यासाठी घर सोपे आहे. रुंद परीक्षानळी एक-तृतीयांश पाण्याने भरा. पाण्यापर्यंत कापसाचा बोळा घट्ट सारा. तो ओला राहील, पण पाणी गळता कामा नये. राणीला आत सोडून नळीचे तोंड कोरड्या कापसाने बंद करा. यातून हवा खेळती राहते. नळी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात आडवी ठेवा. आठवड्यातून एकदाच, मिनिटभर पाहा आणि अंडी, अळ्या, कोश यांची नोंद तारखेसह करा. दर आठवड्याला एका गटाची पाळी लावावी.

अंड्यापासून कामकरी मुंगी होण्यास महिना-दोन महिने लागतात, थंडीत अधिक. मोजक्या शिदोरीवर वाढल्याने या पहिल्या मुंग्या लहानखुऱ्या असतात. त्या बाहेर आल्या की उपास संपतो. आता साखरपाण्याचा लहानसा थेंब आणि नुकत्याच मारलेल्या माशीचा तुकडा द्या. माशी कीटकनाशकाने मेलेली नसावी. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी काढून टाका.

'लॅसियस नायजर'ची एक राणी पाळलेल्या स्थितीत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. तेव्हा सांभाळणे जमणार नसेल, तर राणीला जिथून आणले तिथेच सोडून द्यावे.