‘रुग्णाशी नाते’ हा रकाना

रुग्णालयाच्या जवळजवळ प्रत्येक अर्जावर खाली एक छोटा रकाना असतो : ‘रुग्णाशी नाते’. पूर्वी तो भरताना कोणाला विचार करावा लागत नसे. मुलगा, सून, दीर, पुतण्या. उत्तर तयार असे. पंचवीसएक वर्षांपूर्वी मी पुण्याच्या एका उपनगरात दवाखाना थाटला, तेव्हा एका रुग्णामागे तीन माणसे आत शिरत आणि दोघांना बाहेर बसायला सांगावे लागे. आज त्याच बाकावर ज्येष्ठ मंडळी बहुधा एकटी असतात. कुणासोबत ब्युरोतून आलेली मावशी असते, कुणासोबत शेजारची मुलगी, कुणासोबत ज्येष्ठ नागरिक संघातला मित्र. आणि कधी कधी मोबाईल माझ्यापुढे धरून म्हटले जाते, “डॉक्टर, जरा मुलाशी बोला.”

एकत्र कुटुंब मोडले आणि म्हाताऱ्यांचे हाल सुरू झाले, असे सर्रास म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान चाळिशीच्याही आत होते (त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता, हे ध्यानात घ्यायला हवे). आज ते सत्तरीच्या आसपास आहे. पक्षाघातानंतर दहा वर्षे अंथरुणावर असलेले आजोबा किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या नव्वदीच्या आजी जुन्या वाड्यांत अपवादानेच असत. आणि जे असत, त्यांची सेवा कोण करी? माजघरातली सून, नाहीतर माहेरी परतलेली विधवा आत्या. त्या सेवेची वाखाणणी पुष्कळ झाली. पण ती करणारीला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती, हे कोणी लिहून ठेवले नाही.

आजचे चित्र वेगळेच आहे. पंच्याऐंशीच्या आई आणि बासष्टीचा मुलगा एकाच दिवशी रक्तदाब तपासून घ्यायला येतात. कायद्याने दोघेही ज्येष्ठ नागरिक. मुलाची अँजिओप्लास्टी झालेली, सुनेचे गुडघे दुखरे. आईला उचलून बसवायचे कोणी? या घराला ‘मुलगा जवळ आहे ना, मग काय चिंता’ असे म्हणणे सोपे असते. प्रत्यक्षात तिथे एक नव्हे, तीन रुग्ण आहेत.

कायदाही बदलत गेला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या कायद्यात ‘अपत्य’ या शब्दात मुलगा, मुलगी, नातू आणि नात असे सर्व सज्ञान येतात. ज्यांना अपत्य नाही, त्यांच्या मालमत्तेचा वारसा ज्याला मिळणार त्या नातेवाईकावरही जबाबदारी येते. तरीही लेकीकडे राहणाऱ्या कितीतरी आजी मला हलक्या आवाजात विचारतात, “जावयाच्या घरी किती दिवस राहायचं हो?” सगळे काही व्यवस्थित असूनही या एका अवघडलेपणापायी त्या पोटभर जेवत नाहीत, मागून घेत नाहीत, रात्री लघवीला उठायचे म्हणून संध्याकाळपासून पाणी कमी पितात. मग चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि आम्ही औषध लिहितो.

माझ्याकडे येणाऱ्या एका नणंद-भावजयीची गोष्ट सांगतो. दोघीही विधवा. नणंदबाई अठ्ठ्याहत्तरच्या, मूल नाही. वहिनी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, त्यांचा मुलगा कॅनडात. अकरा वर्षांपासून दोघी एका सदनिकेत राहतात. एकीला ऐकू कमी येते, दुसरीला दिसते कमी, त्यामुळे औषधांच्या पट्ट्यांवरची नावे एक वाचते आणि दुसरी आठवणीने देते. “वन्सं, साखरेची गोळी राहिली,” हे वाक्य मी माझ्यासमोर अनेकदा ऐकले आहे.

नणंदबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. अशी शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी. वृद्ध माणूस जितका पडून राहील, तितका न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढत जातो. त्या रुग्णालयात मात्र संमतिपत्रावर ‘रक्ताच्या नात्याची’ सही मागण्यात आली. वहिनींची सही चालेना. दूरच्या एका पुतण्याचा शोध सुरू झाला; तो गेल्या सात वर्षांत घरी आला नव्हता. यात एक संपूर्ण दिवस गेला. नणंदबाई तेव्हा शुद्धीवर होत्या आणि सर्वांना खडसावून सांगत होत्या, “माझा पाय आहे, सही मी करते.” अखेर तेच झाले. आज त्या वॉकर घेऊन घरात फिरतात.

त्यांचे म्हणणे कायद्याला धरूनच होते. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या आणि समजून घेऊ शकणाऱ्या रुग्णाची स्वतःची संमती हीच खरी संमती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात, भुलेखाली असलेल्या प्रौढ स्त्रीच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमती ग्राह्य मानली नव्हती. तातडी नव्हती, ती स्त्री शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आले असते. उलट, जीव वाचवण्यासाठी तत्काळ करावे लागणारे उपचार सहीसाठी अडवता येत नाहीत. नातेवाईक सोबत असावेत, त्यांना सारे समजावून सांगावे, हे योग्यच. पण त्यांच्या सहीसाठी रुग्णाला ताटकळत ठेवणे योग्य नाही.

उद्या आपल्याला बोलता आले नाही तर काय? आयुष्याच्या अखेरीस कृत्रिम जीवनाधार नको असेल, तर तसे इच्छापत्र करण्यास २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होते. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, त्यांची नावेही त्यात लिहायची असतात. त्याची एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरकडे असावी, असेही त्यात आहे. एरवीच्या आजारपणासाठी मी रुग्णांना एक साधा कागद करायला सांगतो : आजार, चालू औषधे, ॲलर्जी, आणि पहिला फोन कोणाला करायचा. पहिला फोन दहा मिनिटांत पोचू शकेल अशा माणसाला. परदेशातल्या मुलाचा क्रमांक त्याखाली.

परदेशातल्या मुलांना मी दोष देत नाही. त्यातले अनेक जण रोज न चुकता बोलतात. परंतु मोबाईलच्या पडद्यावर फक्त चेहरा दिसतो, आणि आईवडील त्या वेळेपुरता चेहरा हसरा ठेवतात. म्हणून मी मुलांना सांगतो : आईला पावले दाखवायला सांगा, सूज आहे का कळेल. कपडे सैल झालेत का पाहा. फ्रिज उघडून दाखवायला सांगा. दुपारी चहा-बिस्किटावर भागते आहे का ते तिथे समजते. घरात दुसरे कोणी असेल तेव्हा तिला खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगा. याला १२ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असे समजावे आणि आम्हाला कळवावे.

राहिली ब्युरोची मावशी. बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या या बाईला आजोबा रात्री किती वेळा उठले, शौच कधी झाली, कोणत्या कुशीवर झोपल्यावर खोकला येतो, हे सारे ठाऊक असते. घरची माणसे माझ्याशी बोलत असताना ती दाराशी उभी असते. मी तिला आत बोलावून खुर्ची देतो आणि पहिला प्रश्न तिलाच विचारतो. काही घरांना हे रुचत नाही. तिची साप्ताहिक सुट्टी, दोन वेळचे जेवण, पाठ टेकायला जागा यांविषयीही मी बोलतो, कारण थकलेल्या हातांनी माणूस उचलला की दोघेही पडतात. गेल्या वर्षी अशाच एका मावशीचा रक्तदाब सहज म्हणून मोजला : १८० वर ११०. तिच्यासोबत कोणीच आलेले नव्हते.