नजर अडकली की विचारही अडकतो

कोविडच्या टाळेबंदीत जेवणाचे टेबल हेच अनेकांचे ऑफिस झाले. कामे अडली नाहीत, प्रवासही वाचला. पुढे कंपन्या कर्मचाऱ्यांना परत बोलावू लागल्या, तेव्हा ‘समोरासमोर बसल्याशिवाय नव्या कल्पना सुचत नाहीत’ हे कारण वारंवार ऐकू आले. रोज दोन-तीन तास लोकलच्या गर्दीत घालवणाऱ्यांना ते खरे आहे का, हे कळायलाच हवे.

मेलनी ब्रुक्स आणि जोनाथन लेवाव या संशोधकांचा याविषयीचा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी ६०२ जणांच्या जोड्या पाडल्या. काही जोड्या एकाच खोलीत बसल्या, तर काही वेगवेगळ्या खोल्यांतून व्हिडिओवर बोलल्या. फ्रिसबी किंवा बबल रॅपसारख्या साध्या वस्तूचे नवे उपयोग पाच मिनिटांत सुचवायचे आणि त्यातला उत्तम निवडायचा, असे काम होते. व्हिडिओवरच्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. भारतासह पाच देशांतील १,४९० अभियंत्यांवर केलेल्या प्रयोगातही हेच दिसले.

असे का व्हावे? विश्वास किंवा जवळीक कमी पडली म्हणून नव्हे; त्यात ठळक फरक आढळला नाही. फरक होता नजरेत. एका खोलीत बसलेली माणसे बोलता बोलता इकडेतिकडे पाहत होती. व्हिडिओवरच्यांची नजर मात्र पडद्यावरच्या चेहऱ्यावर खिळलेली होती आणि खोलीतल्या वस्तूही त्यांना नंतर कमी आठवल्या. नजर एका चौकटीत अडकली की विचारही तिथेच घुटमळतो, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. नवे काही सुचण्यासाठी मनाला थोडे भटकावे लागते.

पण सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडताना व्हिडिओवरच्या जोड्या मागे पडल्या नाहीत. शिवाय इथे तुलना होती ती दोघांनी मिळून विचार करण्याची. घरी शांतपणे एकट्याने केलेल्या कामाबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. त्यामुळे रोज ऑफिसात या, असा याचा अर्थ काढणे घाईचे ठरेल.

त्यापेक्षा कामाची वाटणी करता येईल. नव्या कल्पना मांडायच्या बैठका ऑफिसात भेटण्याच्या दिवशी ठेवाव्यात. छाननी, आढावा आणि निर्णय व्हिडिओवर उरकावेत. भेटणे शक्यच नसेल, तर कॅमेरा बंद करून, फेऱ्या मारत फोनवर बोलून पाहायला हरकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील २०१४ च्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचल्या होत्या, त्याही कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालताना.

बैठकीत एखादा सहकारी खिडकीबाहेर पाहत असेल, तर त्याचे लक्ष नाही असे लगेच समजू नये. कदाचित त्याला काही सुचत असेल.