गाईचा माज आणि घरातील कॅलेंडर



लातूर जिल्ह्यातील देवणी गावाचे नाव मिळालेली देवणी गाय आपल्या बिदर जिल्ह्याचीही आहे. तोंडाच्या बाजू काळ्या असलेली वानेरा, अंगावर काळे ठिपके असलेली शेवरा आपण सर्वच ओळखतो. ही गाय दूध देते आणि शेताला बैलही देते. तीच गाय ‘सारखी उलटते’ म्हणून बाजारात नेली जाते, तेव्हा घरचे दूध जाते आणि पुढची बैलजोडीही जाते. पुष्कळदा दोष गाईचा नसतो, भरवण्याची वेळ चुकलेली असते.

गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. डुकरिणीचे चक्रही २१ दिवसांचेच, परंतु तिचा माज दोन-तीन दिवस राहतो. गाईचा माज मात्र १२ ते २४ तासांत ओसरतो. त्यानंतर सुमारे १० ते १४ तासांनी बीज सुटते. म्हणून नियम असा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

माजाची लक्षणे :
१) गाय हंबरते, चारा व दूध कमी होते.
२) वारंवार लघवी करते, काचेसारखा चिकट सोट लोंबतो.
३) दुसरे जनावर अंगावर चढले तरी स्थिर उभी राहते. ही सर्वांत पक्की खूण.

एकटी बांधलेली गाय तिसरी खूण दाखवू शकत नाही. उन्हाळ्यात तर माज मुकाच असतो. म्हणून पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी गोठ्यात जाऊन सोट पाहावा. माजानंतर दोन-तीन दिवसांनी कधी थोडे रक्त दिसते. त्यावरून गाय गाभण आहे की नाही हे कळत नाही; माज होऊन गेला एवढेच कळते.

आता गणित पाहू. गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवे असेल तर ३६५ – २८० = ८५ दिवस उरतात. व्यायल्यावर पहिले ६० दिवस विश्रांतीचे. उरलेल्या २५ दिवसांत माज येतो एक, फार तर दोन. एक चुकला की २१ दिवसांचा चारा फुकट.

म्हणून घरच्या कॅलेंडरवर माजाची तारीख लिहा. १ जूनला गाय भरवली तर १९ ते २५ जून लक्ष ठेवा. पुन्हा माज न दिसल्यास दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्या. गाभण असेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्यायला हवी. तीनदा उलटली तर विकण्याआधी डॉक्टरांना दाखवा. रेतन करताना देवणी वळूचेच रेत मागा, म्हणजे जात टिकेल.

भारतात कृत्रिम रेतन प्रथम १९३९ साली आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाले. पशुवैद्यकीय विद्यापीठही आपल्या बिदरलाच आहे. परंतु पहाटे गोठ्यात जाऊन पाहण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते. आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे की, कॅलेंडरवरची ही नोंद त्यांनी आपल्याकडे घ्यावी.