खेळ कधी रंगतो?

लहानपणचे सागरगोटे आठवतात ना? आधी एक-एक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन-तीन. आई हाका मारून थकायची, पण आपण ओट्यावरून उठायचो नाही. असं का व्हायचं?

मिहाय चिक्सेंटमिहाई नावाचे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात होते. बुद्धिबळ खेळणारे, डोंगरकडे चढणारे, नाचणारे अशा लोकांना त्यांनी विचारलं, की तुम्ही यात एवढे रमता कसे? १९७५ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की काम फार अवघड असलं तर धास्ती वाटते, फार सोपं असलं तर कंटाळा येतो. नेट लावल्यावर जमेल एवढंच अवघड असलं, की मन रमतं. शिवाय काय करायचं ते स्पष्ट हवं, आणि जमलं की चुकलं ते लगेच कळायला हवं. सागरगोट्यांत हे सगळंच आहे!

आम्ही गटाचा हिशेब शिकवायला चिठ्ठ्यांचा खेळ केला, तेव्हा हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी वीस व्यवहार मांडायला दिले. बायका गप्प झाल्या. “आम्हाला नाही जमायचं,” म्हणून दोघी उठूनही गेल्या. चूक त्यांची नव्हती, आमच्या खेळाची होती.

मग आम्ही पायऱ्या केल्या. पहिल्या दिवशी एकच प्रश्न: पैसे आले की गेले? चिठ्ठीचं उत्तर मागेच लिहिलेलं. ते जमल्यावर बचत आणि हप्ता. शेवटी व्याज: पाच हजारांचं कर्ज, महिना दोन टक्के, म्हणजे शंभर रुपये व्याज. सहाशेचा हप्ता भरला, तर मुद्दल पाचशेनं फिटलं. पुढच्या महिन्याचं व्याज साडेचार हजारांवर, म्हणजे नव्वदच.

हे खेळताना एक मावशी थांबल्या. म्हणाल्या, “अगं, माझ्या पुस्तकात दुसऱ्या महिन्यालाही शंभरच लावलेत!” वही काढली. मावशींचं बरोबर होतं. चूक आमच्याच लिहिण्यातली होती, ती दुरुस्त केली.

तुमच्या बैठकीत खेळ घ्याल, तेव्हा बायकांचे चेहरे बघा. जांभया दिसल्या तर एक पायरी चढवा. माना खाली गेल्या तर एक पायरी उतरवा. अडाणी कुणीच नसतं, पायरी तेवढी चुकलेली असते.